जुलैच्या तारखेआधी

“पाऊस नाही,” उल्का म्हणाली.

मी वायपर बंद केले आणि दुसऱ्या हाताची दांडी ओढली. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला, खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी सुनावलं आणि पुढं निघून गेला. इटलीतल्या गाड्यांत सगळा कारभार उलटा. स्टिअरिंग डाव्या अंगाला, आणि वळताना दिवा दाखवायची दांडी आपल्याकडं उजव्या हाताशी असते ती तिथं डाव्या हाताशी. तिसरा दिवस उजाडला तरी माझा हात सुधारत नव्हता. दर वळणाला लख्ख उन्हात वायपर कोरड्या काचेवर खरडायचे. पहिल्या दिवशी उल्का हसली होती, दुसऱ्या दिवशी “चालायचंच” म्हणाली होती, आणि तिसऱ्या दिवसापासून ती नुसतं हवामान सांगत होती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टेकड्या होत्या आणि जवळपास प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर एकेक जुनं दगडी गाव. उतारांवर द्राक्षांच्या वेलींना कोवळी पालवी फुटली होती. आमच्याकडं तासगावला एप्रिलमध्ये खरड छाटणी चालते, बागा बोडक्या दिसतात. इथं वसंत होता. बांधाबांधाला तांबडी फुलं, भिंतींवरून जांभळे घोस लोंबलेले. बघणाऱ्यानं वा म्हणावं असं सगळं होतं. मी म्हणतही होतो. पण खरं सांगायचं तर त्या वर्षात मला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवणाला चव लागायची, उन्हाचा चटका बसायचा, पण हे कुणा दुसऱ्याला होतंय आणि मला नुसतं कळवलं जातंय, असं असायचं.

ही गोष्ट २०१६ सालची. माझं तासगावात ठिबकच्या साहित्याचं दुकान. आदल्या वर्षी विक्री चांगली झाली म्हणून कंपनीनं मला बक्षीस दिलं: जोडप्यानं आठ दिवस इटली, तिकिटं, हॉटेलं आणि हिंडायला एक छोटी पांढरी गाडी. गंमत अशी की बक्षीस जाहीर झालं त्याच्या पंधरा दिवस आधी, जानेवारीत, जोडप्यानं सांगलीच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज दिला होता. दोघांच्या संमतीचा. कोर्ट म्हणालं, सहा महिने विचार करा, जुलैत या. गावात कुणालाच पत्ता नव्हता. ती वरच्या मजल्यावर राहायची, मी खाली, आणि भाजी दोघांची एकाच पातेल्यात शिजायची.

बक्षीस नाकारावं असं मी म्हणत होतो. पण तोवर विक्रेत्यांच्या संघटनेनं चौकात फ्लेक्स लावला होता. त्यावर आमच्या दोघांचा कुणाच्या तरी लग्नातला फोटो, मागं झुकलेला मनोरा आणि खाली हार्दिक अभिनंदन. भाजीवालीसुद्धा विचारायला लागली, कधी निघताय. फ्लेक्स लागल्यावर नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगण्यापेक्षा इटलीला जाणं सोपं होतं.

उल्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं बॅग भरायला घेतली तेव्हा मी दारात उभा होतो. धपाट्यांच्या पुड्या बांधता बांधता ती म्हणाली, “मी येते. पण जुलैच्या तारखेआधी मला एक सांगायचं.”

“काय?”

“पोरीला कुठं ठेवलंत ते.”

आमची मुलगी अकरा वर्षांपूर्वी झाली आणि अठरा तास जगली. तिला नाव ठेवायचं राहिलं. दात न आलेल्या मुलाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. बायका तिथं जात नाहीत आणि आईला तर जागा सांगतच नाहीत. जीव तिकडं ओढ घेतो, मग पुढचं मूल राहत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. आम्हाला पुढचं मूलही झालं नाही, म्हणजे जागा न सांगून काही साधलं असंही नाही. त्या दिवशी दुपारी मी ओल्या केसांनी दवाखान्यात तिच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिलो होतो. तिथून आलेला माणूस डोक्यावरून अंघोळ करतो. तिनं माझ्या केसांकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही. हळूहळू बाकीचेही विषय निघेनासे झाले.

“सांगतो,” मी दारातून म्हणालो होतो. “तिकडं गेल्यावर सांगतो.”

पहिले दोन दिवस तिनं आठवण केली नाही आणि मी काढली नाही. ऑर्व्हिएतो नावाच्या गावात एक खोल विहीर बघितली. आत गोल फिरत जाणारे दोन जिने. जुन्या काळी एका जिन्यानं रिकामं जनावर उतरायचं आणि दुसऱ्यानं पाणी घेऊन चढायचं, उतरणाऱ्याची चढणाऱ्याशी गाठ पडायची नाही. माझा धंदाच पाण्याचा, मी बराच वेळ बघत राहिलो. उल्का खिडकीतून खाली वाकून म्हणाली, “आपल्या वकिलाला दाखवायला पाहिजे ही.” मी हसलो. तीही हसली. ते हसू बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, काय छान जोडपं आहे.

तिसऱ्या दिवशी तोदी हे गाव सोडून स्पेलो नावाच्या गावाकडं निघालो होतो. वाटेत एक अगदी लहान गाव लागलं, वेशीच्या आत गाडी न्यायला बंदी. बाहेर जिथं गाड्या लावायच्या तिथंच गावाची दफनभूमी होती. उंच सुरूसारखी झाडं, दगडी भिंत आणि लोखंडी फाटक उघडं.

“गाव बघून येऊ,” मी म्हणालो.

“तुम्ही या बघून,” उल्का म्हणाली आणि फाटकातून आत गेली. मी तिच्या मागं गेलो.

आत चांगली स्वच्छता होती. भिंतीत कप्पे, कप्प्यावर नाव, चिनीमातीच्या बिल्ल्यावर माणसाचा फोटो आणि एक बारीक विजेचा दिवा. मिशावाले, चष्मेवाले, लग्नातला कोट घातलेले. उल्का एकेकाकडं बघत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथं लहान मुलांची जागा होती. हातभर लांबीचे संगमरवरी दगड ओळीनं. एका दगडापाशी एक म्हातारी बाई कात्रीनं गवत कापत होती. ऐंशीच्या घरातली असेल. दगडावर फोटो नव्हता, नाव होतं आणि एकच साल दोनदा कोरलेलं होतं, १९६१ आणि १९६१.

बाईनं वर बघून काहीतरी विचारलं. आम्हाला तिची भाषा येत नव्हती, तिला आमची येत नव्हती. उल्कानं दगडाकडं बोट केलं, मग बाईकडं. बाईनं मान हलवली. मग बाईनं उल्काकडं बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

उल्कानं एक बोट वर केलं.

बाईनं कात्री खाली ठेवली. शेजारी पाण्याची झारी होती, ती उचलून उल्काच्या हातात दिली आणि आपण बाजूला सरकली. उल्का त्या दगडाभोवतीच्या फुलांना पाणी घालू लागली. बारीक धार, शाळेतल्या कुंड्यांना घालते तशीच. मी तिच्या मागं उभा होतो.

“कुठं?” तिनं विचारलं. मागं वळून बघितलं नाही.

“ओढ्याकाठी,” मी म्हणालो. “जुन्या पुलाच्या खालच्या अंगाला. करंजाचं झाड आहे तिथं.”

“कोण कोण होतं?”

“मी आणि आनंदाकाका.”

“खड्डा कुणी काढला?”

“काकांनी. थोडा मी.”

“मीठ घातलं?”

“घातलं.”

“कशात गुंडाळलं होतं?”

“तू शिवलेल्या दुपट्यात. पिवळ्या.”

“खाली कुणी ठेवलं तिला?”

“मीच.”

झारीतलं पाणी संपत आलं होतं. उल्कानं ती तिरकी करून उरलेलं पाणीही घातलं.

“जड लागली?”

हे मी धरून चाललो नव्हतो. “नाही,” मी म्हणालो. “हलकी होती.”

“बरं,” उल्का म्हणाली. तिनं झारी बाईला परत दिली, हात जोडले, आणि आम्ही बाहेर आलो.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. मी गेलोच नव्हतो.

त्या दिवशी नर्सनं पोरीला बाहेर आणून दिलं तेव्हा आनंदाकाका तिथं होते. माझ्या वडलांचे धाकटे भाऊ, रानातून तसेच धावत आलेले. मी हातही पुढं केला नाही. “काका, तुम्हीच या जाऊन,” एवढं बोललो आणि जिना उतरलो. घरी आलो. घरात कुणी नव्हतं, काय करावं सुचेना, बंबात पाणी तापलेलं होतं, ते डोक्यावरून घेतलं. फसवायचं म्हणून घेतलं नव्हतं. पण दवाखान्यात गेल्यावर उल्कानं केस बघितले आणि समजायचं ते समजली, आणि मी खुलासा केला नाही. एकदा गप्प बसलं की पुढचं गप्प बसणं अंगवळणी पडतं. काकांनी आपणहून सांगितलं नाही, मी त्यांना विचारलं नाही, आणि पाच-सहा वर्षांनी काका गेले. मग विचारायचं कुणाला? ओढा, पूल, करंज हे सगळं मी तेव्हाच मनाशी रचून ठेवलं होतं. कधी ना कधी लागेल म्हणून.

संध्याकाळी स्पेलोत उल्का पोटभर जेवली. इतके दिवस चमच्यानं उष्टावल्यासारखं करायची, त्या दिवशी तिनं शेवयांसारख्या त्या प्रकाराची अख्खी ताटली संपवली. गल्लीतल्या कुंड्यांचे फोटो काढले, शाळेतल्या बाईंना पाठवले. मला वाटलं, सुटलो. वाटलं ते एवढंच. आणि त्याच्या मागं अगदी बारीक असंही की, आता कदाचित जुलैत जावं लागणार नाही. ती घराबाहेर गेली तर मी काय करेन, याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. मला ती हवी होती. बधिर माणसालाही कुणीतरी हवं असतं, फक्त त्याला ते म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही न्याहारी करून निघालो. गावाखालचा उतार संपून रस्ता ऑलिव्हच्या बागांतून जायला लागला तशी उल्का म्हणाली, “गाडी बाजूला घ्या.”

“मळमळतंय?”

“नाही. घ्या बाजूला.”

मी एका झाडाखाली गाडी थांबवली. तिनं सीटचा पट्टा काढला आणि मांडीवर पर्स घेऊन सरळ बसली, वर्गात हजेरी घ्यायला बसते तशी.

“दुपटं माझ्या ट्रंकेत आहे,” ती म्हणाली. “नर्सनं मला परत दिलं होतं.”

मी इंजिन बंद केलं.

“काकांनी डोक्याचा फेटा सोडला आणि त्यात गुंडाळलं तिला. मग पायीच गेले. चार किलोमीटर. दवाखान्याच्या दारात रिक्षा उभी होती, पण रिक्षात पोर हिंदकळेल म्हणाले.”

“तुला कुणी सांगितलं?”

“काकांनीच. ते जायच्या आधी महिनाभर. तुम्ही दुकानात होता. त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांना चालवत नव्हतं, मी स्कूटीवर बसवून नेलं. त्यांनी जागा दाखवली. म्हणाले, पोरी, हे मी तुझ्यापासून चोरून वर नेणार नाही.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“सहा वर्षं. दरवर्षी जाते मी तिथं.”

बाहेर एक माणूस शिडीवर चढून ऑलिव्हच्या फांद्या छाटत होता. त्यानं आमच्याकडं बघून हात केला. मी पण केला.

“मग मला कशाला विचारलंस?” मी म्हणालो.

“पहिली पाच वर्षं मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही सांगत नाही. मी मनात तुम्हाला फार बोलायची. मग काकांनी सांगितलं आणि कळलं की तुम्हाला ठाऊकच नाही. तेव्हापासून वाट बघितली.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी गेलो नव्हतो, एवढं म्हणाला असतात तर चाललं असतं मला. मी पण गेले नव्हते की. दोघंही गेलो नव्हतो म्हणून बसलो असतो. नाहीतर मलाच विचारायचं, उल्का, तुला माहीत आहे का, कुठं आहे ती. सहा वर्षांत एकदा.”

“मला वाटलं, तुला त्रास होईल.”

“मला नाही. तुम्हाला होईल असं वाटलं तुम्हाला.”

ते खरं होतं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही.

“मी कालपर्यंत काही ठरवलं नव्हतं,” ती म्हणाली. “सही केली होती, पण ठरवलं नव्हतं. काल त्या बाईच्या तिथं तुम्ही म्हणालात, हलकी होती. तिथं ठरलं माझं.”

“उल्का.”

“अहो, अठरा तासांत मी तिला एकदा घेतलं, पाच मिनिटं. तुम्ही एकदाही नाही. आणि हलकी होती म्हणता.”

शिडीवरचा माणूस उतरून पुढच्या झाडाकडं गेला. मग मी अकरा वर्षं न विचारलेलं विचारलं.

“कुठं आहे ती?”

ती माझ्याकडं बघत राहिली. सांगणार नाही असं मला वाटलं, आणि न सांगणं तिच्या हक्काचंच होतं. पण उल्का तशी नाही.

“काकांच्या रानात,” ती म्हणाली. “विहिरीच्या वरच्या अंगाला, कोपऱ्यात. चला आता.”

त्यानंतरचे चार दिवस आम्ही ठरल्याप्रमाणं हिंडलो. आणखी तीन गावं बघितली, दोन चर्च, एक किल्ला. प्रत्येक ठिकाणी फोटो काढले, कारण परत गेल्यावर संघटनेच्या सभेत दाखवायचे होते. फोटोत ती माझ्या शेजारी उभी आहे, नीट, खांद्याला खांदा लावून. ती उरलेल्या प्रवासात मला एकदाही टोचून बोलली नाही. वळण आलं की हवामान मात्र सांगायची.

जुलैत सांगलीला गेलो. आत बोलावलं तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, विचार केला का. दोघंही हो म्हणालो. बाहेर आल्यावर तिनं मला चहा पाजला आणि विट्याच्या बसमध्ये बसली. तिनं बदली तिकडं मागून घेतली होती. गावात चर्चा झाली ती महिनाभर. इटलीला जाऊन आले आणि मोडलं, तिकडंच काहीतरी झालं असणार, असं लोक म्हणाले. लोकांचं कधी कधी बरोबर असतं.

एक मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही. त्या सकाळी ऑलिव्हच्या झाडाखाली ती कोपरा म्हणाली तेव्हाच मला ते आठवलं होतं, आणि लाज वाटली होती. त्या वर्षात मला जे पहिलं काही वाटलं ते हेच.

तो कोपरा मला पावला-पावलानं माहीत होता. पोर जाऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील, काकांनी विहिरीच्या वरच्या अंगाला नवी द्राक्षबाग लावायला घेतली आणि ठिबकचं काम मला दिलं. पाइप गाडायला चर काढायचे होते. मी टेप धरून मापं घेत होतो. सकाळपासून काका बांधावर बसून होते. मी वरच्या कोपऱ्याकडं खुंटी ठोकायला निघालो तसे ते उठून आले.

“त्या कोपऱ्यातनं पाइप न्यायचा न्हाई,” ते म्हणाले.

“काका, सरळ लाइन जाते. वळसा घातला तर दोन ओळी वाया जातील.”

“जाऊ देत वाया.”

मी टेप गुंडाळायला लागलो. काका तिथून हलले नाहीत. माझ्या अगदी समोर येऊन उभे राहिले, एवढे जवळ की त्यांच्या तोंडाचा तंबाखूचा वास आला.

“का न्हाई, ते इचार की मला, जयवंता,” ते म्हणाले.

ऊन चढलं होतं आणि मजूर टिकाव घेऊन खोळंबले होते. काका माझ्या तोंडाकडं बघत थांबले होते.

“तुमची जमीन, तुमची मर्जी,” मी म्हणालो, आणि पाइप वळवून घेतला.